बिरू वायर उपटतो

बिरूसमोर फोनवर बोलायची मला धास्तीच वाटायची. बोलणं रंगात आलं, की तो मागून वायर उपटायचा आणि शांतपणे विचारायचा, "आता गिऱ्हाइकाला कुठपत्तूर ऐकू गेलं आसंल?"

गडी निरवांगीचा. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, मग ऊस आला. बिरू मात्र पुण्यात कॉम्प्युटर शिकला आणि बारामतीत आमच्या शेअरच्या ऑफिसात चिकटला. एखादी वस्तू चालते का, हे तो बघतच नसे. मध्येच तुटली तर ती काय करते, हे बघे. "चालतंय तवर समदीच शानी," हे त्याचं पालुपद. बहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या हातातला चहा त्यानं पहिल्याच घोटाला काढून घेतला. मुलगा नुसता हसला. "चालंल," बिरूनं निकाल दिला आणि लग्न ठरलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लासुर्णे-इंदापूरकडच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आम्ही फोनवरून पुण्याच्या मुख्य ऑफिसला सांगायचो. ते काम आता कॉम्प्युटरनं करायचं ठरलं. एका कंपनीचा विक्रेता महागडा प्रोग्रॅम घेऊन येऊन बसला. बिरू मात्र इंटरनेटवरून उतरवलेल्या एका फुकट प्रोग्रॅमवर अडून बसला. परदेशातल्या कुणा एकानं लिहून, आतल्या कोडसकट सगळ्यांना खुला केलेला. त्यात प्रत्येक निरोपाला नंबर; मधला नंबर गहाळ झाला, की पलीकडचा कॉम्प्युटर तो निरोप पुन्हा मागून घेणार.

शेठ म्हणाले, "बिरू, तुझ्या शब्दावर घेतो. पण एक जरी ऑर्डर चुकली, तर गिऱ्हाईक माझ्या दारात येईल आणि तू निरवांगीच्या एसटीत असशील."

चाचणीच्या दिवशी दोन कॉम्प्युटर मांडले. एक आमचा, दुसरा पुण्याचा समजायचा. बिरूनं शेअर विकायची एक खोटी ऑर्डर सोडली आणि ती वाटेत असतानाच वायर उपटली. शेठ खुर्चीच्या कडेवर आले होते. विक्रेता नखं बघत होता. बिरूनं वायर पुन्हा जोडली.

"आली!" शेठ ओरडले.

बिरू वाकून पडद्याकडे बघतच राहिला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्या आकड्यांतलं आम्हाला काही कळत नव्हतं. तो गप्प बसला असता, तर नोकरी, शब्द, सगळंच शाबूत राहिलं असतं.

"शेठ, दोनदा आली," तो म्हणाला. "येकदा इकायचं ते दोनदा इकलं आसतं."

शेठचा चेहरा उतरला. विक्रेत्यानं बॅग उघडली.

"त्येची बी वायर उपटू द्या की," बिरू म्हणाला.

"आमच्या करारात तसं बसत नाही," विक्रेत्यानं बॅग मिटली.

शेठ उठले. "सोमवारपर्यंत दुरुस्त करून दाखव. नाहीतर तू आणि हे विक्रेते, दोघंही जा."

कोड खुला असल्यानं चुकीची जागा बिरूला सापडली, पण उपाय सापडेना. शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ई-मेल करायचा ठरला. इंग्रजी माझ्याकडे. मी धडाक्यात सुरुवात केली, 'तुमच्या प्रोग्रॅममध्ये गंभीर चूक आहे.' बिरूनं माझा हात धरला.

"आसं नगं. फुकट दिलंय त्यानं. आदी इचार, जेवला का."

"इंग्रजीत असं विचारत नाहीत रे."

"मग त्यास्नी कळतं कसं, कोण जेवलंय न् कोण न्हाय?"

लिहिलं बापड्यानं, 'जेवलात का?'

सोमवारी सकाळी त्याच्या उत्तरासोबत दुरुस्त प्रोग्रॅम आला. बिरूनं वायर उपटली, जोडली, पुन्हा उपटली. ऑर्डर एकदाच पोचली. "घ्या हाच!" म्हणत शेठ स्वतः चहा सांगायला धावले. सोमवारी पुन्हा येऊन बसलेला विक्रेता कधी निघून गेला, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बिरू मात्र ई-मेलच्या शेवटच्या ओळींवर थांबला होता. "मला समजलं त्येच हाय का, बघ."

मी वाचून सांगितलं, "जेवलो. एकटाच असतो. कालचंच सूप गरम केलं. विचारलंत, बरं वाटलं."

बिरूनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. बसस्टँडमागच्या खोलीत तो एकटाच राहायचा; तिथं मी कधी गेलो नव्हतो.

"लिव त्याला," तो म्हणाला, "हितं बी कालचंच आसतंय."