हिराजीकाकाची पहिली चाकोरी

दारात माणूस आला की आपण 'या, बसा' म्हणतो. हिराजीकाका पाटील 'वजन किती?' असं विचारतो. त्यात लहानमोठा, बाईमाणूस असा भेदभाव नाही. पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईलाही त्यानं उंबऱ्यातच हा प्रश्न टाकला होता. त्या बाईंनी पदर सावरला आणि आकडा काही सांगितला नाही. लग्न जमलं, पण त्या अजून हिराजीकाकाच्या दारात पाऊल ठेवत नाहीत.

माझं वजन ब्याण्णव किलो. हे मी आयुष्यात दोनच ठिकाणी कबूल केलं आहे, डॉक्टरांकडे आणि हिराजीकाकाकडे. डॉक्टरांनी ऐकून तोंड वाकडं केलं. हिराजीकाकाचा चेहरा मात्र खुलला. "ब्यान्नव! मास्तर, तुमी येत जा. रोज येत जा." माझ्या वजनाचं एवढं कौतुक लग्नातसुद्धा कोणी केलं नव्हतं. मी जायला लागलो.

काका ही पदवी त्याला गावानं दिलेली. तो माझ्याच वयाचा, म्हणून मी एकेरीवरच असतो. आमच्या गावात, गडबला, आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मी पेणच्या शाळेत भूगोल शिकवला आणि तो रोह्याच्या एका कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता. हायवेवर उभं राहून कंपनीची बस पकडायची आणि शिफ्टभर पिंपं इकडची तिकडे करायची. गोदामाच्या फरशीवर पिवळ्या रेघा आखलेल्या होत्या. गाडी त्या रेघांच्या आतूनच न्यायची, चाक बाहेर गेलं की मेमो. "तेहतीस वर्सं," हिराजीकाका तीन बोटं दोनदा दाखवून सांगतो, "एक मेमो नाय." निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्याच्याकडून ओळखपत्र, हेल्मेट आणि बूट परत घेतले. रेघा परत घ्यायच्या राहिल्या. त्या तो डोक्यात घेऊन घरी आला.

पडवीपासून मोरीपर्यंत तो अजून एकाच ओळीतल्या लाद्यांवरून चालतो. त्याची बायको, जनाकाकी, म्हणते, "एक वळ झिजली, बाकीच्या लाद्या कोऱ्या करकरीत. विकल्या तं कोनी नव्या म्हनून घेल."

मग कधीतरी त्यानं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी शेतकऱ्याचा व्हिडिओ पाहिला आणि झालं. तिथला माणूस म्हणे आपली सगळी यंत्रं वर्षानुवर्षं त्याच त्या चाकोऱ्यांतून नेतो. यंत्राचं ओझं तेवढ्याच पट्ट्यांवर पडतं, मधली माती कोणी दाबत नाही. न दाबलेली माती पाणी पिते, तिच्यात मुळं खोल जातात आणि गांडुळं सुखानं नांदतात. शिवाय ती कधी उघडी ठेवायची नाही. भात निघालं की वाल, वाल निघाला की ताग, आणि ताग गुडघ्यावर आला की तो आडवा पाडून जमिनीवरच पांघरायचा. हे सगळं हिराजीकाकानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "मास्तर, हितं पन पिवळ्या रेघा हायत वो!"

त्यानं घरामागच्या तीन खाचरांतले बांध काढून एकच सपाट तुकडा केला. चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर सरपटणारा एक छोटा ट्रॅक्टर कुठूनसा जुना आणला. गावानं त्याचं नाव रणगाडा ठेवलं. दोरी लावून चुन्यानं चाकोऱ्या आखायला बसला, तेव्हा लोकांना वाटलं कबड्डीचे सामने आहेत. दोन गावच्या संघांनी प्रवेशाची चौकशीसुद्धा केली.

त्या आखणीत एक गंमत झाली. घराच्या मागच्या दारातून निघणारी पहिली चाकोरी बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर जास्त रुंद झाली. भूगोलाच्या माणसाला असल्या गोष्टी लगेच दिसतात. मी म्हटलं, "हिराजी, तेहतीस वर्षांत पहिला मेमो. रेघ चुकली तुझी." एरवी बोटभर फरकासाठी भांडणारा हा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "चुकली तं चुकली." मी ही गोष्ट पुढे महिनाभर गावात सांगत होतो.

त्या दिवसापासून त्याच्या शेतावरून दिवसभर एकच आरोळी येते, "दाबू नको!" चाकोरी सोडून कोणी वाफ्यात पाय टाकला की दाबू नको. बकरी शिरली तरी दाबू नको. सख्खा मेव्हणा त्याच्या पाया पडायला वाफ्यातून धावला, त्यालाही दाबू नको. कोंबड्यांना तेवढी माफी आहे. "हलक्या हायत बिचाऱ्या."

मुठीला लाकडी गोळा बसवलेली एक लोखंडी सळई त्याच्या हातात कायम असते. ती जमिनीत खुपसायची आणि किती सहज जाते यावरून माती जिवंत की मेलेली ते ठरवायचं. त्यानं शाळेचं मैदान मेलेलं ठरवलं, देवळामागची जागा अर्धमेली. वडखळला एका साखरपुड्यात त्यानं हॉलच्या हिरवळीत सळई खुपसली. आमच्याकडे कोणी जमिनीत काही रोवलं की लोकांना आधी रस्ता रुंदीकरणाची मोजणीच आठवते. हॉलचा मालक धावत आला, त्यानं हिराजीकाकाला कोल्ड्रिंक पाजलं, बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "सायब, आमची जागा कितीशी जानार?" हिराजीकाका गंभीरपणे म्हणाला, "ही गेलेलीच हाय." मालक खुर्चीत बसला तो नवरानवरी स्टेजवर आले तरी उठला नाही.

या सगळ्याचा ताप व्हायचा तो जनाकाकीला. हिराजीकाका निवृत्त झाला त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, ती बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पेणला ऑपरेशन झालं. वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, सपाट आणि टणक जागेवर हवं तेवढं चाला, पण बांधावर नाही आणि मऊ मातीत तर अजिबात नाही, वॉकरचा एक पाय रुतला तरी पुन्हा पडाल. म्हणजे शेत बंद. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्या खाचरांत लावणी केलेली, वाल पेरलेले. नवरा कंपनीत, शेती खरी तिचीच. आता पडवीत बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "वालाला शेंगा धरल्या काय रं?" कोणी ओंजळभर शेंगा तोडून आणल्या तर हात लावायची नाही. "मना तोडलेल्या नको. मना तोडायच्या हायत."

एकदा ती माझ्यासमोरच हिराजीकाकावर तुटून पडली. "सगल्या गावाला शेत दाखवतंस. जाड्या जाड्या बाप्यांना फिरवून आनतंस. आन माज्या शेतात मनाच बंदी. तो रणगाडा आनलास तवाच समजले मी, माजी गरज संपली."

हिराजीकाका सळईचा गोळा पुसत बसला. "दाबू नको गो," एवढंच म्हणाला. माझ्या मनात आलं, माणूस दगड आहे.

पण जाड्या बाप्यांचं तिचं म्हणणं खरं होतं. हिराजीकाकाचा पाहुणचार वजनावर ठरायचा. कृषी खात्याचा एक तरुण साहेब त्याचा प्रयोग बघायला मुद्दाम आला होता. काडीसारखा बारीक. हिराजीकाकानं त्याला चहा दिला आणि पडवीतूनच वाटेला लावलं. उलट विम्याचे हप्ते गोळा करणारे गावातलेच एक जाडजूड गृहस्थ चुकून दारात आले, त्यांना पहिल्या चाकोरीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं, ते तीन वेळा. मला तर रोज सकाळी अर्धा तास. तोही पहिल्याच चाकोरीत. "बाकीच्या नको मास्तर, हीच बरी." मी त्याला समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबद्दल आणि मातीच्या थरांबद्दल सांगत चालायचो, तो मान डोलवायचा. शाळेत चाळीस मुलांनी दिलं नाही एवढं लक्ष हा एकटा देतो असं मला वाटायचं. बायको म्हणायची, "तो तुमच्या पायांकडे बघत असतो." मी म्हणायचो, तुला विद्येची कदर नाही.

मागच्या थंडीत तर त्यानं त्याच चाकोरीवर पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे थंडीत पोपटी झाली नाही तर थंडी पडली असं धरत नाहीत. पोपटीला माणसं जाळाभोवती गोल बसतात. हिराजीकाकानं आम्हां वीस जणांना चाकोरीवर एकामागे एक ओळीत बसवलं, बसमध्ये बसवावं तसं. शेंगा पुढून मागे सरकवायच्या. मी सोळावा. माझ्यापर्यंत फक्त टरफलं आणि मिठाचा वास पोचला. "जरा सरकून सरकून बसा," तो मधून मधून सांगत होता, "सगल्या जागेवर बसा." जनाकाकी मागच्या दारात वॉकर धरून उभी होती. दरवर्षी पोपटीचं मडकं तीच भरायची. त्या दिवशी तिनं काही म्हणता काही खाल्लं नाही.

मग या वर्षीच्या थंडीतली एक दुपार. भात काढून झालेलं, वाल गुडघाभर वाढून शेंगांनी लवलेला. जनाकाकी तपासणीला पुतणीबरोबर पेणला गेली होती. मी सहज मागच्या दारी आलो आणि समोरचं बघून थबकलो. हिराजीकाका पहिल्या चाकोरीतून कुठूनसा मागून आणलेला, जनाकाकीच्याच मापाचा वॉकर धरून चालत होता. धडधाकट माणूस. दोन पावलं टाकायचा, वॉकरवर सगळा भार टाकून लोंबकळायचा, मग खाली वाकून वॉकरच्या चारही पायांजवळ सळई टोचून बघायचा. याचाही खुबा गेला की डोकं गेलं, मला कळेना.

"हिराजी, काय झालं रे?"

तो चोरी पकडल्यासारखा दचकला. मग म्हणाला, "बरं झालं आलाव. मी पडलो साठ किलोचा, ती हाय सत्तरची. माज्यानं नीट समजत नाय. तुमी धरा जरा. अंग टाकून चाला."

मी वॉकर धरला आणि ब्याण्णव किलो त्यावर सोडून दिले. वीतभर जास्त रुंद असलेल्या त्या चाकोरीत वॉकर बेताचा बसत होता, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून. मी टोकापर्यंत गेलो. हिराजीकाका माझ्याबरोबर गुडघ्यांवर रांगत येत होता, वॉकरच्या पायांकडे बघत. एकही पाय रुतला नाही.

"तुमी बुडालाव नाय," तो उठून म्हणाला, "म्हंजी ती नाय बुडनार."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. "म्हणजे मला तू रोज बोलवायचास ते..."

"दाबायला." त्यानं अगदी सरळ सांगितलं. "रणगाडा पट्ट्यावर चालतो, त्याचं वजन पसरतं. तो दाबतो तेवढं पुरं नाय पडत. मान्साचा पाय पायजे. पावसात परत मऊ पडते, परत दाबायची. दोन वर्सं झाली."

माझे मातीचे थर, माझे वारे, सगळं त्या क्षणी जमिनीत गेलं. मला राग आला, खरंच आला. "मग फरशा टाकायच्या होत्यास! चार दिवसांचं काम!"

"तिला शेतात जायचं हाय मास्तर," तो म्हणाला. "फुटपाथवर नाय."

"मग तिला सांगायचंस तरी. ती तुला काय काय बोलते."

"बोलूं दे. आधी सांगितलं असतं आन जमलं नसतं, तं ती परत एकदा पडली असती." सळईचा गोळा तो पुन्हा पुसायला लागला. मी त्याला दगड म्हटलं होतं, मनातल्या मनात का होईना. मला त्याची लाज वाटली. मग आम्ही दोघांनी ती चाकोरी आणखी चार वेळा तुडवली. मी न सांगता जोरात पाय आपटत होतो.

त्याच आठवड्यात त्यानं पोपटी ठरवली. दुपार कलल्यावर माणसं जमली. हिराजीकाकानं रिकामं मडकं चाकोरीच्या पार टोकाला नेऊन ठेवलं आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "अगो, मडका कोन भरनार?"

"तुजा रणगाडा भरेल!" आतून उत्तर आलं.

"त्याला हात नाय. तू ये."

जनाकाकी दारात आली. तिनं चाकोरीकडे बघितलं, मग वॉकरकडे, मग नवऱ्याकडे. वॉकरचे पुढचे दोन पाय खाली टेकवले, दाबून बघितले. पुन्हा दाबून बघितले. मग एक पाऊल टाकलं. आम्ही सगळे चाकोरीच्या दुसऱ्या टोकाला उभे होतो. ती आली, थांबत थांबत, दोन्ही बाजूंच्या वालाकडे बघत. मधेच एक हात सोडून तिनं शेंग तोडली, दाण्याला नख लावून बघितलं आणि म्हणाली, "जल्ला, तीन दिस आधी काढायला पायजे व्हता." म्हणजे ती शेतात पोचली होती.

मडकं तिनंच भरलं. हिराजीकाका पाला पुढे करत होता आणि शिव्या खात होता. भरून झाल्यावर तिनं त्याच्या खांद्याला धरलं, उजव्या पायातली चप्पल काढली आणि तो अनवाणी पाय चाकोरीच्या बाहेर, वाफ्यात ठेवला. दोन वर्षं कोणी न दाबलेल्या मातीत पाय घोट्यापर्यंत गेला.

आम्ही सगळ्यांनी हिराजीकाकाकडे बघितलं. आरोळी येणार म्हणून एकानं तर डोळे मिटले.

तो तिला धरून उभा होता.

"मऊ हाय रं," जनाकाकी म्हणाली. "लोन्यासारकी."

"दाब," हिराजीकाका म्हणाला. "दाब अजून."

मला राहवलं नाही. तिला आधार द्यायला म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं.

"मास्तर!" तो खेकसला. "तुमी चाकोरीतच ऱ्हावा!"