कानातली संथा

चिंतामण महाराजांनी कानात ब्लूटूथ घालून लग्न लावायचं ठरवलं, तेव्हा हेतू अगदी सात्त्विक होता. अकोटचे खुशालराव हे त्यांचे उरलेले एकमेव मोठे यजमान, आणि लग्न त्यांच्याच मुलीचं. अमरावतीपासून तेल्हाऱ्यापर्यंतची वडिलांच्या वेळची बाकी सगळी यजमानांची घरं एकेक करून चुलतभाऊ स्वानंदकडे गेली होती. जाणारच. महाराज सत्यनारायणाचा तिसरा अध्याय दोनदा सांगत आणि चौथा विसरत. (हे एक वेळ चालतं, लोकांना प्रसादाशी मतलब.) पण एका श्राद्धात त्यांनी मृताऐवजी समोर बसलेल्या मुलाचंच नाव घेतलं. मुलगा पिंड हातात धरून बघतच राहिला.

लोक म्हणत, वेंधळा आहे. नातेवाईक म्हणत, माजला आहे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी या वेंधळेपणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकू न देणारा विकार, असं नाव दिलं, तेव्हा महाराज दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मेंदूची ठेवणच तशी असेल, तर जन्मभर खाल्लेल्या शिव्या आता परत कोणाला करायच्या?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कामं तडीस नेण्यासाठी एक कोच गाठून दिली, पुण्याच्या अवनी मॅडम. कामाचे तुकडे कसे पाडायचे, भरकटलेलं मन परत कसं आणायचं, हे त्या फोनवर शिकवत. फरकही पडत होता. म्हणून या लग्नात त्यांनी फोनवरून सोबत राहायचं ठरलं.

"अहो, त्या बोलल्या तर उत्तर देऊ नका हं," पत्नी अनुपमानं बजावलं.

"मी काय लहान आहे?"

लग्नात मॅडमना उत्तर त्यांनी दिलंच नाही. पण अनुपमा एक गोष्ट विसरली. (विसरण्याचा मक्ता घरात एकट्याकडे नसतो.) महाराजांचं बालपण वेदपाठशाळेत गेलं होतं. तिथं संथा घेताना गुरूंनी एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. कानात पडलं की तोंडातून दोनदा बाहेर, ही सवय हाडात मुरलेली.

पूजनाला वधूवर बसले. मंत्र छान चालले होते. तेवढ्यात फोटोग्राफरचा ड्रोन घोंघावत आला, महाराजांची नजर त्याच्यामागे गेली आणि मंत्र थांबले. कानात मॅडम हळूच म्हणाल्या, "एक घोट पाणी प्या."

"एक घोट पाणी प्या, एक घोट पाणी प्या," महाराज सुरात म्हणाले. वधूवर आचमन समजून पाणी प्याले.

"खांदे सैल सोडा."

दोनदा ऐकल्यावर नवरदेवानं खांदे सोडले. पुढच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनीही सोडले.

"पायलं का, महाराज कसं समजावून सांगून राहिले!" खुशालराव व्याह्यांना म्हणाले.

कौतुकाची सवय नसल्यानं महाराज घाबरले. त्यांना धाप लागली, ती पुण्यात ऐकू गेली.

"दडपण घेऊ नका. आज नाही जमलं तरी चालेल. कोणाची जबरदस्ती नाही."

महाराजांनी हेही दोनदा म्हटलं, माइकवर, चढउतारांसकट.

नवरी करिश्मानं मान वर केली. "खरंच चालन, महाराज?"

मॅडमना वाटलं, महाराजांच्याच मनातली शंका कोणीतरी विचारली. "अगदी चालेल!"

"अगदी चालेल, अगदी चालेल."

करिश्मा उठली. "मंग मले नाई जमणार. बाबा, कवापासून सांगून राहिली तुमाले!" तिनं मुंडावळ्या सोडून पाटावर ठेवल्या आणि ती आत गेली.

"महाराज, तुमाले लगन लावाले बलावलं होतं!" खुशालरावांचा आवाज फुटला.

अमरावतीच्या एसटीत अनुपमानं त्यांच्या कानातलं ब्लूटूथ काढून पिशवीच्या तळाशी टाकलं. शेवटचं घर गेलं होतं. संध्याकाळी मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज काय चांगलं झालं?" महाराजांनी पहिल्यांदाच त्यांचा फोन कापला.

दिवाळीनंतर करिश्माचा फोन आला. तिचं मनासारखं लग्न ठरलं होतं, अकोल्याच्या मुलाशी. बाबाही निवळले होते.

"महाराज, तुमच्यामुळंच झालं हे. माह्या लग्नात तुमी पायजेच!"

महाराजांचे डोळे भरून आले. कोणीतरी त्यांना मांडवात बोलावत होतं. खाकरून, अगदी व्यावसायिक आवाजात त्यांनी विचारलं, "मुहूर्त कधीचा काढू?"

"तो स्वानंद महाराजांनी काढला ना. तुमी आरामात या, पयल्या पंगतीले जेवा," करिश्मा मायेनं म्हणाली. "फक्त मांडवात काई बोलू नोका."