तुपाने पास केलेली भिंत

"आज एक घर बघून यावं म्हणते," असं चंद्रभागाबाई म्हणाल्या की श्रीपतरावांच्या पायांत आधीच गोळे येत. तीस वर्षं निजाम सरकारची गिरदावरी करून, लोकांची शेतं मोजून ते पेन्शनीत निघाले होते. आता नुसतं बसायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पण बाईंच्या कमरेत वात शिरला होता आणि निर्णा गावातल्या त्यांच्या घरात थंडी फार. हुमनाबादेत उबदार घर हवं म्हणून अकरा घरं बघून झाली. अकराही गार निघाली.

बारावं घर गुंडाप्पाचं. त्याच्या मधल्या खोलीची एक भिंत चक्क गरम होती. पलीकडे अनसाबाईची फुटाण्यांची भट्टी होती आणि भट्टीची पाठ नेमकी या भिंतीला लागलेली.

"टेकून बघा की, अक्का," गुंडाप्पा म्हणाला. "धूर न्हाई, राख न्हाई. बसल्या जागी ऊब."

चंद्रभागाबाई टेकल्या, डोळे मिटले आणि तिथेच पाय पसरले. श्रीपतरावांना तिथेच घर घ्यावंसं वाटलं.

पण मौका पाहणी केल्याशिवाय सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुढच्या बाजाराला ते वाटीत थिजलेलं तूप घेऊन आले आणि बोटभर तूप भिंतीला लावलं. ते वितळून खाली ओघळलं. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच झालं. तीन बाजार, तीन पाहण्या, भिंत पास. खेड्यातला माणूस हुमनाबादेला येतो तो बाजाराच्या दिवशी. एरवी गाडी जुंपायची कशाला, हा विचार गिरदावरालाही सुटला नव्हता.

मुहूर्त निघाला तो मात्र आडवारी. नव्या घरात दूध उतू घातलं, पाहुणे जेवून गेले. चंद्रभागाबाई हौसेने भिंतीला टेकल्या आणि लगेच सरळ झाल्या.

"अवो, ही भिंत गार कामून पडलीय?"

श्रीपतराव पलीकडे गेले. अनसाबाई उन्हात हरभरे निवडत बसली होती.

"आज कुठं बाजार हाय?" ती म्हणाली. "बाजाराच्या आदल्या दिवशी पेटवते, बाजार उठला की इझवते. रोज भाजून फुटाणे खाणार कोण?"

गुंडाप्पा दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे राहायला गेला होता. श्रीपतरावांनी त्याला गाठलं.

"तुम्ही भिंत इचारली, मी भिंत दाखवली रावसाहेब," तो शांतपणे म्हणाला. "वार कुठं इचारलाव?"

घरी चंद्रभागाबाई नुसत्या कण्हत होत्या. तेरावं घर श्रीपतरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि भट्टी रोज पेटवाल का, हे विचारायला ते पुन्हा अनसाबाईकडे गेले.

"तुम्हीच पेटवा की रोज. मला गुडघ्यानं बसवत न्हाई," ती म्हणाली. "तुराट्या तुमच्या, हरभरे तुमचे."

"हरभरे कशाला? नुसती पेटवतो की."

"भट्टी उपाशी जाळत न्हाईत. माझ्या सासूनं कधी जाळली न्हाई, मी बी जाळू देणार न्हाई."

अशी श्रीपतरावांची दुसरी नोकरी सुरू झाली. पहिली कढई करपली, दुसरी कच्ची राहिली. तिसऱ्या दिवसापासून बरे फुटाणे निघू लागले, आणि मग ते थांबेनात. डबे भरले, हंडे भरले. आल्यागेल्याच्या ओटीत फुटाणे पडू लागले, तशी पाहुण्यांनी वाट बदलली. मात्र चंद्रभागाबाई ताठ चालू लागल्या. त्यांच्याकडे बघून श्रीपतरावांना मनापासून बरं वाटे, फक्त तेवढं वाटायलाही वाकलेल्या मानेने वर बघावं लागे.

पंधरा दिवसांनी श्रीपतरावांचीच कंबर धरली. झारा ठेवून, भिंतीला पाठ लावायची म्हणून ते कसेबसे मधल्या खोलीत आले. भिंतीशी चंद्रभागाबाई होत्या. शेजारी गुडघे पसरून अनसाबाई. तिच्या शेजारी गुंडाप्पा, त्याच्या पलीकडे गुंडाप्पाची बायको.

"माझी बी कंबर जुनीच हाय, रावसाहेब," गुंडाप्पा डोळे न उघडता म्हणाला. "रोज पेटवणारा माणूस पाच वर्षं हुडकायलो होतो. घर इकल्याबिगर घावला न्हाई."

जागा नव्हती. श्रीपतराव समोरच्या भिंतीला टेकून बसले. ती गारढोण होती.

"दमलाव व्हय?" चंद्रभागाबाईंनी मायेने विचारलं. "बसा जरा. अन् उठलाव की दोन तुराट्या सारून या, भिंत निवायलीय."