डाव्या-उजव्या बुटाच्या फाटाफुटीची हकीकत

श्री. पायांस चाल आणि जिवास धीर देणाऱ्या कुलस्वामिनीस दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी सकाळी नऊचे सुमारास, पूर्वेकडील एका राज्यात, ज्याचे नाव आमचे जिभेवर वळत नाही म्हणोन लिहीत नाही, राजश्री तुळाजीराव शिरोळे विमानातून उतरते जाहले. तीस वर्षे एसटी हाकून निवृत्त जाहलेले, गुडघे क्लचने खाल्लेले, पण मान अजून ताठ. संगे कुटुंब अनसूयाबाई. येथून दुसरे विमान धरून आणखी पुढल्या राज्यास जाणे होते, तेथे कन्येस पुत्र जाहला होता आणि उद्या त्याचे बारसे होते आणि पोरास पहिल्यांदा पाळण्यात घालण्याचा मान अनसूयाबाईंनी भांडून मागून घेतला होता. दुसरे विमान दुपारी तीन वाजता. मध्ये सहा तास रिकामे. कन्येने फोनवर निक्षून बजाविले होते की, "बाबा, तळावरनं हलायचं नाही. खुर्ची धरून बसा."

मग तुळाजीरावांनी खुर्ची अर्धी घटका धरिली आणि उठले आणि बोलिले, "आगं, तीस वर्सं सीटवर बसूनच काढली. आता बी बसूनच ऱ्हाऊ व्हय? चल, शहर बघून येऊ."

बाई बोलिल्या, "आन विमान गेलं मंग? माझं पोरगं पाळण्यात दुसरंच कुणी घालंल."

"म्या कधी गाडी लेट केलीया का?"

"डेपोत इचारून सांगते."

ऐसे बोलत बोलत परवान्यावर शिक्का मारून घेतला आणि रेल्वेत बसून शहराचे मध्यभागी उतरले आणि तेथून पायी मोहीम सुरू जाहली. शहर काय वर्णावे! झाडांस रंगीत फडकी गुंडाळलेली, फुटपाथावर वीतभर उंचीच्या स्टुलांवर धिप्पाड माणसे बसून शेवयांचे सूप ओढताहेत, आणि रस्त्यावर एक गाडी नाही तरी सारी रयत दिव्यातल्या हिरव्या माणसाची वाट पाहत उभी. तुळाजीरावांस ते पाहून गहिवरच आला. म्हणाले, "हितं डायवरकी करायला मजा आली असती बग." आणि मग पुढे एक सोनेरी कळसाचे गोल थोर देऊळ लागले, त्यास दरवाजे दोन, एक पूर्वेस, एक पश्चिमेस, आणि दोहींकडे जोडे काढून ठेवण्याची फळी.

आता येथे राव चुकले, ते ऐका. पायांत जावयाने पाठविलेले कोरे बूट. देवळात बूट चोरीस जातात हे त्यांचे ज्ञान पक्के, आणि त्यावर त्यांची तोडही पक्की. त्यांनी डावा बूट पूर्वेच्या फळीवर ठेविला आणि एका पायाने लंगडत पश्चिमेस गेले आणि उजवा तेथे ठेविला आणि मिशीवर हात फिरवून बोलिले, "आता ने म्हणावं! एका बुटाचं काय लोणचं घालतोय?" बाईंनी आपली चप्पल पिशवीत घातली.

दर्शन जाहले, एक वाजला, बाहेर आले तो पूर्वेस डावा नाही! तरातरा पश्चिमेस गेले तो उजवाही नाही! वास्तविक त्या राज्यात जोडे कोणी नेत नसे. परंतु एकटा बूट फळीवर पाहून पूर्वेच्या राखणदार म्हातारीस कळवळा आला की, कोणा गरिबाची जोडी हरविली, आणि ती डावा बूट दोहों हातांत धरून त्याचा जोडीदार शोधावयास निघाली. आणि तोच कळवळा पश्चिमेच्या राखणदार म्हाताऱ्यास आला, आणि तो उजवा घेऊन निघाला. आणि दोघेही देवाची रीत म्हणोन उजवी घालूनच देवळाभोवती चालले. मग भेट कैसी व्हावी? ती पूर्वेस तेव्हा हा पश्चिमेस. मागून तुळाजीराव, तेही उजवीच घालून.

"ओ मावशी! ओ बूटवाल्या मावशी!"

मावशीने वळून ओठांवर बोट ठेविले की, देऊळ आहे, ओरडू नये, आणि चालू लागली. ऐशा तीन फेऱ्या जाहल्या. रावांचे गुडघे कुरकुरू लागले आणि दीड वाजला.

पायरीवर उभ्या बाई चौथ्या फेरीस बोलिल्या, "आवं, उलटं फिरा की! समोरनं गावतील."

"देवाला उलटी फेरी? उद्या नातवाचं बारसं, आन आज ह्यो उद्योग करू?"

"मंग बसा हितं गप. आपुन थांबू. त्यास्नी फिरू द्या."

आणि राव बसले, आयुष्यात प्रथमच बायकोचे एका बोलात ऐकोन. आणि मग म्हातारी आपसूक आली. रावांनी बुटाकडे आणि पायाकडे बोट केले, तिने बूट पावलास लावून पाहिला, आणि बूट हातीच ठेवून दुसरा येईतो रावांस खांदा धरून तेथेच बसविले. मग मागून म्हातारा आला. त्या दोघांनी एकमेकांचे हाती बूट पाहिले आणि ऐसे हसले की कबुतरे उडाली. नंतर म्हातारीने दोन बोटे जुळवून रावांस दाखविली, मग राव आणि बाईंकडे बोट केले, आणि दोहों बुटांच्या नाड्या एकत्र करून सात गाठी मारिल्या की, पुन्हा जोडी फोडू नको.

गाठी सोडवावयास वेळ कोठला? राव बूट गळ्यात अडकवून अनवाणी तापल्या फरशीवरून उड्या मारीत रेल्वेकडे धावले. मागून बाई, "पळा! आता दाखवा डायवरकी!" तळावर पोहोचले तो तपासणीपुढे दोनशे माणूस, बूट काढल्याविना आत सोडीत नव्हते म्हणोन सारे वाकून नाड्या सोडताहेत, बूट ओढून काढताहेत. बाईंनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि डोळ्यांस पदर लाविला. तेव्हा शिपायाने रावांचे उघडे पाय पाहिले, गळ्यातले बूट पाहिले, आणि बाईंची पिशवीतली चप्पल पाहिली, जी पळण्याच्या घाईत बाहेर आलीच नव्हती. आणि हात करून दोघांस रांग मोडून पुढे घेतले. दार लागता लागता विमान गाठिले.

ऐसे हे घडले. शहर पाहिले ते थोडे, देऊळ पाहिले ते पाच वेळा. बारसे वेळेस जाहले, आणि पोर आजीच्याच हाताने पाळण्यात गेले. जावई कात्री घेऊन गाठी कापावयास आले, तुळाजीरावांनी कापू दिल्या नाहीत. बारशास अनवाणीच मिरविले.