बटणांच्या दुकानाचं दार

"आज मी लाकडाला बोटही लावणार नाही. लावलं तर नाव बदलून ठेव!" घरातून निघतानाच मेस्त्रींनी छाती ठोकून सांगितलं. चाळीस वर्षं दारं-खिडक्या करण्यात गेलेला माणूस! पण बायकोने निक्षून बजावलं होतं. गेल्या सहलीत हॉटेलातली सात डुगडुगती टेबलं नीट करण्यात त्यांचा सगळा दिवस गेला होता. या वेळी तसं काही केलं, तर ती यापुढे त्यांच्याबरोबर कुठेही पाऊल टाकणार नव्हती. आणि ती बोलली की करते.

जुन्या शहरातली ती मध्ययुगीन बाजारगल्ली बघून बायको हरखून गेली. दोन्हीकडची घरं इतकी पुढे झुकलेली, की समोरासमोरच्या शेजारणींनी माडीवरूनच वाटीभर साखर उसनी द्यावी! मेस्त्रींचं मात्र डोकं फिरलं.

"अगं, एक चौकट काटकोनात असेल तर शपथ! आणि लोक याचे फोटो काढतायत?"

"हात खिशात ठेवा," बायको म्हणाली आणि बटणांच्या दुकानात शिरली.

मेस्त्री बाहेर थांबले. दुकानाचं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक खांद्याने रेटा देई आणि दार 'कर्र्र्र' असं केकाटे. एकदा, दोनदा, अकरा वेळा! माणसाने सोसायचं तरी किती? कोटाच्या आतल्या खिशात वीतभर रंधा होता. तो त्यांनी मुद्दाम आणला नव्हता; तो तिथेच राहतो.

आत दुकानदारीणबाई आणि बायको खणामागून खण उपसत होत्या. दोघींच्या पाठी दाराकडे. मेस्त्रींनी सर्रकन रंधा फिरवला, ढलप्या फुंकून टाकल्या आणि एका बोटाने दार ढकललं. दार लोण्यासारखं सरकलं आणि जुन्या कुलपाचा खटका 'खट्' करून बसला!

आतून दुकानदारीणबाई किंचाळल्या, "दार लागलं! अहो, हे दार लागलं कसं?"

"मी दुरुस्त केलं!" मेस्त्री अभिमानाने ओरडले. "आता किल्लीने उघडा."

"किल्ली? माझ्या आजेसासूबाईंनीही ती पाहिली नव्हती! हे दार कधी लागतच नव्हतं, तर किल्ली हवी कुणाला? रात्री बाहेरून साखळी घालतो आम्ही!"

मग बायकोचा आवाज आला. अगदी शांत. "अहो, हात लावलात ना?"

मेस्त्रींनी खिशातली पातळ पोलादी पट्टी फटीत सारून पाहिली, पण फट होती कुठे? काम इतकं चोख झालं होतं, की पोस्टकार्डसुद्धा शिरेना! खिडक्यांना गज. बघता बघता गर्दी जमली. तेवढ्यात गल्लीच्या जतन कार्यालयातले साहेब धावत आले.

"दार फोडायचं नाही! चारशे वर्षांचं आहे. लोक याची करकर ऐकायला लांबून येतात. काय केलंत तुम्ही?"

"फुकट नीट केलं!" मेस्त्री भडकले. "चारशे वर्षांत कुणाला सुचलं नाही, त्याला मी काय करू?"

"तासलेलं लाकूड कुठे आहे?"

"फुंकून टाकलं."

"फुंकून?" साहेब मटकन पायरीवर बसले.

आतून ठोकाठोक सुरू झाली. "अगं, बिजागरीच्या खिळी काढ! आधी खालची..." मेस्त्री ओरडले.

"तीस वर्षं सुताराच्या घरात काढली आहेत मी! खालच्या दोन निघाल्या. आता दार धरा आणि तोंड मिटा."

दार अलगद सुटून त्यांच्या हातात आलं. बायको बाहेर आली ती त्यांच्याकडे न बघताच.

साहेबांनी हुकूम सोडला : ढलप्या वेचा, होत्या तिथे चिकटवा आणि दार पूर्वीसारखं घासलं पाहिजे. मेस्त्री म्हणाले, आयुष्यात वाकडं काम केलेलं नाही. साहेब म्हणाले, मग आज करा! भर बाजारात गुडघे टेकून मेस्त्रींनी ढलप्या वेचल्या, सरस लावला, वाळू दिला, दार चढवून रेटलं.

'कर्र्र्र!'

गल्लीभर टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत चांगल्या कामाला एक टाळी मिळाली नव्हती, आणि मिळाल्या त्या याला! मेस्त्री संतापाने लालबुंद झाले.

परतताना धीर करून मेस्त्रींनी विचारलं, "मग... पुढची सहल?"

"समुद्रावर," ती म्हणाली. "तिथे दारं नसतात. या वेळेपुरतं माफ."

मेस्त्रींनी मान डोलावली. होड्या लाकडाच्या असतात, हे ते बोलले नाहीत.