आवडाबाईंनी घरची दारे मोडून होडी बांधिली त्याची हकीकत

श्री खाडीदेवी प्रसन्न असो, आणि लिहिणाराचा हात खऱ्यास न भिवो. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सरे, फाल्गुन मास. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर राज्यास लाज वाटेल. त्या राज्यात खाडीपार जाणारी नाव एकच, आणि तिजवर सरतांडेल लखमोजींची हुकमत. त्यांनी बसविले तो पार गेला, न बसविले तो काठी कुजला. तेथे आवडाबाई म्हणून एक विधवा बाई, गोदीतल्या सुताराची लेक, जिभेने फटकळ. त्यांनी भर बाजारी म्हटले, "लखमोजी, तुमच्या नावेचा तळ सडला, माणसे बुडवाल." खरे बोलणे झोंबले, आणि सरतांडेलांनी हुकूम केला जे, या बाईस नावेत पाऊल ठेवू न द्यावे. इकडे पैलतीरी बाईंची एकुलती लेक राही बाळंतपणास टेकली; घरात सासू नाही, नणंद नाही. बाईंचा जीव तुटू लागला. गावकरी म्हणाले, "पाय धरा, क्षमा मागा." बाई म्हणाल्या, "पाय धरीन तर नातवंडाचे. यांचे कशास?"

आणि बाईंनी स्वगृही मोहीम मांडिली. गोठ्याचा वासा काढून तळाचा कणा केला, मग दारे उतरवून फळ्या पाडिल्या, मग माळा मोडिला, आणि फळीस फळी काथ्याने शिवून सांधीत कापूस व राळ ठासली, आणि पासोड्या जोडून शीड केले. घरास दार राहिले नाही, कुत्री खुशाल येजा करू लागली. बाईंस पर्वा नाही. दशमीस होडी पुरी जाहली. मग कारागिरांची चाल आहे त्याप्रमाणे बाईंनी होडीत घागरींनी पाणी भरिले. तो लखमोजी लवाजम्यानिशी पाहावयास आले, आणि पाहतात तो सांधीसांधीतून पाणी भळभळा वाहते. लखमोजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "पौर्णिमेस ही गळकी होळीत घाला. आयते लाकूड!" बाई पदर खोचून बोलिल्या, "सरतांडेल म्हणविता आणि एवढे कळेना? सुके लाकूड तहानेले असते. पिऊ द्या पोटभर, मग फुगेल आणि सांधे मिटतील. न मिटले तर मीच पेटवीन." परंतु मनात धाकधूक बहुत. घागरी ओतता हातास फोड आले, आणि देवीस म्हणाल्या, "आता फजिती केलीस तर तुझी ओटी बंद!" एकादशीस धार, द्वादशीस थेंब, आणि त्रयोदशीस पाणी तपेल्यात राहावे तैसे होडीत राहिले.

चतुर्दशीस पाणी उपसून आळीच्या बायांनी होडी उचलिली आणि भरतीचे वेळी खाडीस नेली. लखमोजी आडवे जाहले. "कोणाच्या हुकुमाने?" "भरतीच्या," बाई म्हणाल्या, "सरा बाजूस, ती तुमच्यासाठी थांबणार नाही." मग लखमोजींनी आपले लोकांस फर्माविले, "धरा होडी!" इतक्यात गर्दीतून एक बाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि होडीत चढून बसली. पाहतात तो खुद्द लखमोजींचे कुटुंब, भिकूबाई! आता धन्याच्या बायकोस हात कोणी लावावा? लोक जागीच खिळले. लखमोजी गरजले, "उतर खाली!" भिकूबाई उत्तर करित्या जाहल्या, "समोर माझे माहेर दिसते, आणि सात वर्षे मी तुमचे एकच ऐकते, 'आज वारा नाही, उद्या नेतो.' आज वारा आहे. फडताळात भाकर आहे, घ्या जेवून."

शीड भरले आणि होडी पार गेली. सांजेस राहीस मुलगी जाहली, आणि आजीने आपल्या हाताने न्हाऊ घातली. भिकूबाई माहेरी महिनाभर राहिल्या. लखमोजींस फडताळातली भाकर दोनच दिवस पुरली.

सारांश, त्या राज्यात खाडीस धनी नाही. हे ज्यास मानवत नसेल त्याने पोहून जावे.