टिपाडाच्या झाकणाला हळद

लिंबाजीनं वाचनालयाचा फॉर्म सहीविनाच परत दिला आणि पंचशीलाला रडू फुटलं. दहावीतली पोर, नाव नोंदवायला उद्याचाच दिवस उरलेला!

"त्या रहस्यकथांनी बिघडलीस तू," लिंबाजी म्हणाला. "परवा मायला इचारत होतीस, 'पहाटे कुठं होतीस?' हे काय बोलणं झालं?"

बोलणं चुकलंच, पण कारण होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला, लिंबाजी कलेक्टर कचेरीत बाबू झाला, तरी नळाला पाण्याचा थेंब नाही. असला मेला दुष्काळ! टँकर चौथ्या दिवशी यायचा. म्हणून लिंबाजीनं कायदा केला होता, की आंघोळ आठवड्यातून एकदाच. तरीही अंगणातल्या टिपाडातलं पाणी रोज बादलीभर कमी व्हायचं.

"शेजारची नागम्माच नेती," लिंबाजी ठासून म्हणाला.

"पुरावा काय, बाबा?"

"लई शहाणी झालीस! चोर धरून दाखव, सही करतो. न्हाई तर पुस्तकं बंद."

पंचशीलानं डोळे पुसले. संध्याकाळी तिनं मायच्या डब्यातली मूठभर हळद टिपाडाच्या झाकणाला आतून गुपचूप चोळून ठेवली.

सकाळी पुन्हा बादलीभर पाणी गायब. इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीला निघालेला लिंबाजी भडकलाच. त्यानं नागम्माला दारातूनच हाक मारली आणि गल्ली गोळा केली.

"लेकरांच्या तोंडचं पाणी चोरतीस? हीच ती चोर!" त्यानं बोट रोखलं.

साऱ्या गल्लीनं त्या बोटाकडं पाहिलं. बोट पिवळंधमक होतं. तळहातही.

"अगं बाई!" नागम्मा म्हणाली. "भाऊ, नवरदेव व्हायलाव की काय?"

पंचशीलाच्या मायचा, सरजाबाईचा हात तोंडावर गेला. नवऱ्याच्या हाताकडं, मग लेकीकडं, मग टिपाडाकडं बघून तिला सगळं उमगलं.

"रोज पहाटे अंधारात तुम्ही न्हायलाव? आन् मी सहा दिस झाले, डोस्क्यावर तांब्याभर पाणी घेतलं न्हाई!"

"साहेब लई जवळ येऊन बोलतात गं," लिंबाजी पुटपुटला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

पंचशीलानं फॉर्म आणि पेन पुढं केलं. "आधी नागम्मामावशीची माफी, बाबा. मग सही."

दोन्ही झालं. दुपारी ग्रंथपालानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"वडलांनी सही केलीय ना? मग वर पिवळा अंगठा कशाला?"

"राहू द्या सर," पंचशीला म्हणाली, "पुरावा हाय."